कारंजा लाडला गुरुमंदिराशिवाय काय पाहावं? जैन मंदिरांचा इतिहास काय आहे?

वाशिम जिल्ह्यातलं कारंजा बहुतेकांना नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून माहीत असतं. गुरुमंदिराचं दर्शन घेऊन लोक परततात, आणि जैन कारंजा राहूनच जातं.

मुळात ही व्यापारी पेठ. इतकी श्रीमंत, की १६७० मध्ये दुसऱ्या सुरत लुटीनंतर शिवाजी महाराजांनी कारंजावर स्वारी केली. जुन्या वेशींवरूनही गावाच्या ऐपतीचा अंदाज येतो.

दिगंबर जैन भट्टारकांच्या, म्हणजे मठाधिपती धर्मगुरूंच्या, सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची पीठं या एकाच गावात होती आणि प्रत्येकीचं मंदिर आहे. वेळ कमी असेल तर काष्ठासंघाचं आधी बघा, तिथलं लाकडी कोरीवकाम चुकवू नका.

पण माझ्या मते कारंजाचं खरं धन म्हणजे इथले हस्तलिखितांचे भांडार. महाकवी पुष्पदंतांची ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’ ही अपभ्रंश काव्यं १९३० च्या दशकात ‘कारंजा जैन ग्रंथमाले’त संपादित होऊन छापली गेली. पहिल्याचं संपादन प. ल. वैद्यांचं, दुसऱ्याचं हिरालाल जैनांचं. मराठीच्या आधीची भाषा अभ्यासणाऱ्याला हे ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही. पोथ्या मात्र सहज बघायला मिळतील असं धरून जाऊ नका. आधी मंदिराच्या विश्वस्तांशी बोला.

१९१८ मध्ये सुरू झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रम, म्हणजे जैन गुरुकुलही गावातच आहे.

रेल्वेने मूर्तिजापूरला उतरून एसटी सोयीची पडते. गाडी असेल तर समृद्धी महामार्गावरून थेट.