आधी माती पाहा, मग पावसाचे आकडे

सह्याद्रीतील जंगलाच्या पाणलोटावर काम सुरू करताना पावसाचा आकडा आणि ओढ्याची पातळी यांचा थेट मेळ घालण्याचा मोह तुम्हाला होईल, तो आवरा. मृगाच्या पहिल्या सरींचे बरेचसे पाणी पानांवर, पालापाचोळ्यात आणि उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या मातीतच राहते, म्हणून ओढा फारसा हलत नाही. तेवढाच पाऊस आषाढात, माती भरलेली असताना पडला, तर ओढा काही तासांत फुगतो. दाट जंगलाची माती बहुधा पावसाच्या वेगापेक्षा अधिक वेगाने पाणी मुरवते, त्यामुळे ‘पाऊस मुरण्याच्या वेगापेक्षा जोरात पडला की न मुरलेले पाणी जमिनीवरून वाहते’ हे अमेरिकी जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी 1933 मध्ये मांडलेले गणित तिथे क्वचितच लागू पडते. पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि उताराने आडवे सरकते, किंवा कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून झपाट्याने निघून जाते.

यालाही नियम समजू नका. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील बाबिंडाजवळच्या वर्षावनात, वरच्या सुमारे 20 सेंटीमीटरखालची माती फारच कमी पाझरणारी असल्याने, मुसळधार पावसात उतारांच्या पृष्ठभागावरूनही पाणी वाहते, असे बोनेल आणि गिल्मूर या संशोधकांनी 1978 मध्ये दाखवले. म्हणून पहिला खर्च वेगवेगळ्या खोलीवर पाझराचा वेग मोजण्यावर करा. आणि एकाच पर्जन्यमापकावर विसंबू नका. महाबळेश्वरपासून 20 किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीत पाऊस निम्म्याहूनही कमी पडतो.