बाळाला पाजायला सोयीचे कपडे कोणते घ्यावेत, आणि किती?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात तारीख आहे, पहिलंच बाळंतपण, ऑनलाइन फीडिंगचे कुर्ते बघितले तर किमती बघूनच घाम फुटला, तर हे सगळं आत्ताच घेऊन ठेवायचं का, का घरातल्या कपड्यांवर भागतं, आणि साडीवर कसं जमवायचं. भागतं. बऱ्यापैकी भागतं. (वयाने लहान असणार म्हणून पुढे तू म्हणते, राग मानू नकोस.)

माझी मुलगी आता चार वर्षांची आहे, माहेरी साताऱ्याला झाली, भर जुलैत. मी पण आठव्या महिन्यात मोबाईल घेऊन बसले आणि पाच गाऊन मागवले, एकापेक्षा एक सुंदर, आणि त्यातले दोनच वापरले गेले. एकाला गळ्यापासून खाली मधोमध एकच चेन होती, ती उघडली की सगळंच उघडं, आणि चेनचं ते लोंबणारं टोक बरोब्बर बाळाच्या गालावर. दुसऱ्याला दोन्ही बाजूंना चेन होत्या पण इतक्या आखूड की बाळाचं तोंड तिथे नेईपर्यंत ती रडून लाल व्हायची. तिसरा चकचकीत सिंथेटिक, त्यात माझी पाठ आणि तिचं डोकं दोन्ही घामाने चिंब. चांगले निघाले ते दोन म्हणजे साधे होजिअरीचे, चुण्यांच्या आत दोन्हीकडे लपलेल्या लांब चेन, छातीच्या वरपासून पार बरगड्यांपर्यंत.

म्हणून माझं ऐकशील तर कुठलाही कपडा आणलास की घरी एकदा असं कर. डाव्या हातात छोटी उशी धर बाळासारखी, लाइट बंद कर, आणि उजव्या हाताने कपडा उघडून बघ, मग हात बदलून दुसऱ्या बाजूने बघ. नाही जमलं तर परत करून टाक, कितीही गोड प्रिंट असली तरी, कारण सुरुवातीला बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं आणि त्यातल्या तीनचार वेळा तू अर्धी झोपेतच असणारेस. आणि हो, एका हाताने नुसतं उघडून उपयोग नाही, बंद पण करता आलं पाहिजे. हे कोणी सांगत नाही. मी एकदा तशीच दार उघडायला गेले, दारात मामा, मामा बिचारे जिन्याकडे बघत म्हणाले मी जरा खाली गाडी नीट लावून येतो, आणि अर्ध्या तासाने आले.

आता नवीन काही न घेता जमणारी युक्ती. आत बारीक पट्ट्यांची सैल स्लिप किंवा बनियन, वरून नेहमीचा सैल टी-शर्ट नाहीतर आखूड कुर्ती. पाजताना वरचा कपडा वर आणि आतला खाली. पोट आणि कंबर आतल्या स्लिपने झाकलेली राहते, वरून टी-शर्ट पडतो, दिसायला काहीच दिसत नाही. मी चार महिन्यांनंतर बाहेर जाताना सर्रास हेच केलं. फक्त कुर्ती गुडघ्यापर्यंत लांब नको, नाहीतर सगळा गोळा मांडीतून वर ओढत बसावं लागतं. आणि लांब कुर्तेच आवडत असतील तर जवळच्या टेलरकडे जा, प्रिन्सेस कट असलेला कुर्ता दे आणि सांग की पुढच्या दोन्ही शिवणी उसवून त्यात लपणारी चेन बसवून द्या. मी तीन जुने कुर्ते असे करून घेतले, तिन्हीचे मिळून एका नवीन फीडिंग कुर्त्याच्या निम्मेसुद्धा पैसे गेले नाहीत.

साडीचं विचारलंस ना, तर आमच्या आजीने माझ्या त्या पाच गाऊनकडे बघून एवढंच म्हटलं होतं, "पुढून हुक, वरून पदर, आणखी काय लागतं गं?" खरंच आहे. पुढून हुकाचं सुती ब्लाउज म्हणजे शेवटचे दोनतीन हुक खालून काढायचे, ब्लाउज वर सरकवायचं, पदर घ्यायचा, झालं. सार्वजनिक ठिकाणी यापेक्षा सोपं काही नाही. गोंधळ होतो तो हल्लीच्या ब्लाउजांनी. सव्वा महिन्याने बारसं ठेवलं होतं तेव्हा मी हौसेने ब्लाउज शिवलं, मागून हुक, वर दोरी, दोरीला लटकन, बाहीला मोत्यांची लेस. पाळण्यात घालायच्या ऐन वेळी हिला भूक लागली. मग मी, आई, वहिनी अशा तिघी आतल्या खोलीत, वहिनी मागून दोरीची गाठ सोडवतीय ती सुटेना, आई पिना काढतीय, बाहेर बायका नाव घ्यायला खोळंबल्यात आणि तोपर्यंत मला पान्हा फुटून पुढून ब्लाउज ओलं. शेवटी आईचं जुनं पुढून हुकाचं ब्लाउज घातलं, रंगसुद्धा जुळत नव्हता. फोटोत तसंच आहे ते! तर समारंभाचं ब्लाउज शिवणार असशील तर आधीच पुढून हुक सांग, नाहीतर टिचबटणं, आणि जिथे बाळाचा गाल टेकतो तिथे लेस, टिकल्या, जर काही नको. पदराला पीन लावलीस तर खांद्यावर मागच्या बाजूला, पुढे नको. मंगळसूत्राचंही तेच, वाटी गालात रुतते आणि तीनचार महिन्यांची झाली की ती मणी ओढून तोंडात घालते, मी लांब काढून ठेवलं होतं आणि सासूबाई स्वतःच म्हणाल्या राहू दे.

ब्रा मात्र नीट बघून घे, तिथे काटकसर नको. पण आत्ता एकदोनच घे, त्या पण थोड्या सैल, कारण साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येतं तेव्हा छाती इतकी जड आणि कडक होते की आत्ताचं माप चालत नाही. पुढच्या दोन दूध नीट सुरू झाल्यावर, माप घेऊन. सुती, रुंद पट्ट्यांची, कप वरून क्लिपने सुटणारी, आणि तार असलेली नको. तार किंवा घट्ट पट्टी एकाच जागी दाबत राहिली की तिथे दूध साचून गाठ येते. मला डाव्या बाजूला काखेजवळ आली होती, दुखरी, लाल, आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी औषध दिलं आणि त्या बाजूने पाजणं बंद करू नको म्हणाल्या. ताप आला तर घरी शेकत बसू नकोस, सरळ दाखव. पोट बांधतात आपल्याकडे जुन्या साडीने, ते बांधलंस तरी पट्टा वर छातीवर चढत नाही ना बघ.

गळणारं दूध हा वेगळाच प्रकार. एकीकडून पाजलं की दुसरीकडून गळतं, कधीकधी शेजारचं बाळ रडलं तरी गळतं. विकतचे पॅड आहेत, पण घरी मी जुन्या मऊ सुती साडीचे तळहाताएवढे गोल कापून चारपाच पदरी शिवले होते, ओले झाले की लगेच बदलायचे, ओलं तसंच ठेवलं की त्वचा खराब होते. रंगाचं म्हणशील तर फिकट राखाडी आणि प्लेन आकाशी अजिबात नको, थेंब पडला की रुपयाएवढा डाग लांबून दिसतो. गडद किंवा बारीक फुलाफुलांचं घे.

सिझेरियन झालं तर अजून एक. टाक्यांवर नेमकी इलॅस्टिकची नाहीतर परकराच्या नाडीची जागा येते, त्यामुळे पहिले काही आठवडे गाऊनच बरा, किंवा टाक्यांच्या बऱ्याच वर बसणारी सैल पँट.

पावसाळ्यात होणार असेल तर दोन गाऊन जास्त लागतील, कारण वाळत नाहीत. माझे जाड सुती गाऊन दोनदोन दिवस दोरीवर, वरून कोरडे आणि चेनच्या पट्टीपाशी ओलसर, आणि त्याला तो आंबूस वास. बाळ ओकतं, दूध गळतं, दिवसाला दोन कपडे सहज जातात. पातळ कापड घे आणि चेनच्या आजूबाजूला इस्त्री फिरव. उन्हाळ्यात चार पुरतील.

बाहेर पाजायला एप्रनसारखं कव्हर मिळतं ते मी घेतलं होतं, माझ्या मुलीने दोनदा वापरू दिलं आणि मग लाथा मारून उडवून लावलं, आत गरम होतं त्यांना, आणि आपल्यालाही तिचं तोंड दिसत नाही. मोठी सुती ओढणी बरी, एक टोक खांद्यावर खोचायचं, आणि नाक मोकळं राहतंय ना हे बघत राहायचं. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात, स्तनदा मातांसाठीच आहेत, नाव रायगडचा कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या त्या गवळणीचं, बिनधास्त विचारून जा. पण बाळाला भूक स्टँड बघून लागत नाही, त्यामुळे बसमध्ये खिडकीची सीट आणि ओढणी पर्समध्ये ठेवच.

नोकरी करत असशील तर २६ आठवड्यांच्या रजेनंतर परत जाताना पुढून बटणांचे शर्ट आणि कुर्ते उपयोगी पडतात, पंपाने दूध काढायला सोपे. कायद्याने बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन नर्सिंग ब्रेक मिळतात, एचआरला आधीच सांगून ठेव. आणि एक जास्तीचा टॉप ड्रॉवरमध्ये. मला मीटिंगमध्ये फाइल छातीशी धरून बाहेर यावं लागलंय.

तर आत्ता घ्यायचं एवढंच, दोन गाऊन, दोन सैल ब्रा, पॅड आणि एक मोठी ओढणी. हॉस्पिटलच्या बॅगेत यातलं सगळं टाक, शिवाय एक पुढून पूर्ण बटणांचा गाऊन ठेव, तपासायला येतात तेव्हा बरं पडतं आणि बाळाला उघड्या छातीशी धरायला पण. बाकी बाळ आल्यावर नवऱ्याला पाठव दुकानात, मापं चिठ्ठीवर लिहून दे आणि "दोन्ही बाजूंना चेन, लांब" हे ठळक लिही. माझ्याने पहिल्यांदा मधोमध चेनवालाच आणला होता.