श्रीरामपूरहून श्रीरामपूरला

बाळा, सलाम.

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला बघितला, मग झोपच नाही लागली म्हणून सकाळी चहा घेऊन लिहायला बसलोय. कलकत्त्याच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, युथ पास्टर म्हणजे तरुणांचा पाळक म्हणून बोलावलं, जूनपर्यंत हजर व्हायचंय, काका प्रार्थना करा. अभिनंदन वगैरे आहेच रे. पण मेसेज दोनदा वाचला आणि एक गोष्ट खटकली, ती आधी सांगून टाकतो. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये सतरा वेळा प्रभूचं नाव आहे, तिथल्या तरुण संघात किती पोरं आहेत ते आहे, कॅम्पचे प्लॅन आहेत, आणि तुझ्या बायकोबद्दल फक्त दोन शब्द, "ती तयारच आहे." त्या "तयारच" मधला च मला ओळखीचा आहे. मी पण हेच म्हणायचो.

1997 साली मी आपल्या श्रीरामपूरहून बंगालमधल्या श्रीरामपूरला गेलो, इंग्रजीत सेरामपूर म्हणतात ते. लोक हसायचे, म्हणायचे पाळकसाहेब, श्रीरामपूरहून श्रीरामपूरला जायला दोन दिवस लागतात होय? आपल्या गावाचं स्टेशन म्हणजे बेलापूर, तिथून मनमाड, मनमाडला सामान उतरवून हावड्याची गाडी, आणि हावड्याहून परत लोकल. तुझी काकू, आठ वर्षांची पोरगी, सामानाचे सात डाग आणि एक ज्वारीचं पोतं. त्या पोत्यावरून मी मनमाडच्या प्लॅटफॉर्मवर काकूशी भांडलो होतो, हमाल जास्त पैसे मागत होता म्हणून. म्हणलं, जिथं देव नेतोय तिथं खायला पण देईल की. ती काही बोलली नाही, पोत्यावर बसून राहिली.

नागपूरच्या पुढे राजनांदगाव लागतं. मी लगेच पोरीला शिकवायला सुरुवात केली, की बघ बाळा, याच वाटेवर नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या साहेबाने बायबलचा नवा करार दिला, आणि तिथून त्यांचं आयुष्यच पालटलं. मला फार भरून आलं होतं तेव्हा. काकू खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आणि लक्ष्मीबाई कुठं होत्या तेव्हा?" मी म्हणलं घरी असतील. आता कळतं तो प्रश्न इतिहासाचा नव्हता. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न सांगता, आणि पुढची चार-पाच वर्षं ती बाई नवरा जिवंत असून नातेवाइकांच्या दारी दिवस काढत होती. नंतर ती आली आणि ख्रिस्ती झाली, पण आली ती स्वतःच्या पायाने आणि स्वतःचं डोकं चालवून. टिळकांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो, म्हणावीतच, माझी तर ती जन्माची शिदोरी आहे. पण त्या चार-पाच वर्षांवर मी कधी प्रवचन ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर दिलंही नाही.

सेरामपूरला तू कधीतरी जाशीलच, कलकत्त्याहून लोकलने तासाभराचं पण नाही. हुगळीच्या काठावर 1818 चं कॉलेज आहे, मोठमोठाले खांब, आतमध्ये ते काढणाऱ्या मिशनरी कॅरीसाहेबांचं सगळं. आपल्या मराठी माणसाने तर जावंच, कारण मराठीचं अगदी सुरुवातीचं एक छापील व्याकरण 1805 मध्ये तिथं निघालं, 1810 मध्ये शब्दकोश तो पण मोडी अक्षरात, आणि 1811 मध्ये नवा करार, आणि या सगळ्यात वैजनाथ शर्मा नावाचे पंडित होते ज्यांचं नाव आपण कुणी घेत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी अक्षरशः हात जोडून उभा होतो.

पण तिथं राहायला लागल्यावर दुसरी गोष्ट वाचली, ती तुला मुद्दाम सांगतो. विल्यम कॅरीची बायको, डोरोथी. तिला इंग्लंड सोडायचंच नव्हतं. 1793 साली ती गरोदर होती, तिने सरळ नाही म्हणून सांगितलं, कॅरी थोरल्या मुलाला घेऊन निघाला सुद्धा. ते जहाज काही कारणाने हुकलं, मग परत येऊन तिला गळ घातली, तेव्हा बहीण सोबत येत असेल तर येते म्हणाली. बंगालमध्ये आले, पैसा नाही, राहायला धड जागा नाही, आजारपणं, आणि वर्षाच्या आतच 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर तिचं मन जे बिघडलं ते कधी सुधारलंच नाही. 1807 मध्ये वारली. कॅरी अभ्यासिकेत बसून एवढ्या भाषांमध्ये बायबल उतरवत होता आणि शेजारच्याच खोलीत त्याची बायको भ्रमिष्ट होऊन आरडाओरडा करत असायची, हे त्याच्या सोबत्याच्या मुलानेच लिहून ठेवलंय. मी कॅरीला नावं ठेवत नाही, माझी ती लायकी पण नाही, आणि वेड काही एका कारणाने लागत नाही हे मलाही कळतं. पण तिचं पहिलं उत्तर नाही होतं, आणि त्या नाहीला कुणी उत्तर म्हणून मोजलंच नाही, एवढं मात्र खरंय.

हे वाचलं त्या दिवशी घरी आलो तर काकू स्वयंपाकघरात मोहरीच्या तेलाच्या धुरात उभी होती. त्या तेलाला धूर निघेपर्यंत तापवावं लागतं, नाहीतर भाजी कच्चट लागते, पहिले महिनाभर आम्ही तशीच कच्चट खाल्ली कारण विचारायचं कुणाला, भाषा येत नव्हती. डोळ्यातून पाणी वाहत होतं तिच्या. मी रोज बघायचो ते पाणी आणि रोज म्हणायचो, अगं खिडकी उघड. त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, खिडकी उघडीच होती.

तिथं जाऊन सहा महिने झाले होते तेव्हा, सहा महिने!

तुला वाटेल मी घाबरवतोय. नाही रे. आम्ही तिथं नऊ वर्षं राहिलो आणि ती नऊ वर्षं मी कशाच्याच बदल्यात देणार नाही, काकूला विचार, ती अजून तिथल्या माहेशच्या रथयात्रेच्या गर्दीच्या गोष्टी सांगते आणि हिलशा माशाचे काटे कसे काढायचे ते आपल्या सुनेला शिकवते. पण तो फरक कधी पडला सांगू? मी तिला विचारलं तेव्हा. म्हणलं, परत जायचं का? खरंच विचारलं, म्हणजे ती हो म्हणाली असती तर मी राजीनामा लिहिला असता, कागद पण काढून ठेवला होता. तिने आठ दिवस घेतले. आठ दिवसांनी म्हणाली, "पोरीचं वर्ष होऊ दे, मग बघू." वर्ष झालं, मग तिने तो विषय काढला नाही, मी पण नाही काढला. ज्वारी मात्र दर सुट्टीत नेली, आणि मनमाडच्या हमालाला मी गुपचूप पैसे दिले.

म्हणून तुला सांगतो, आज रात्री तिला विचार. प्रार्थना करून मग विचारू नकोस, आधी विचार, मग दोघं मिळून प्रार्थना करा. आपली पाळक लोकांची ही वाईट सवय आहे, आधी गुडघे टेकायचे आणि मग उठून सांगायचं की प्रभूने मला दाखवलंय, आता समोरचा माणूस काय बोलणार, देवाशी भांडणार का? देवाचं पाचारण म्हणजे काही कोर्टाची नोटीस नाही घरच्यांवर बजावायला. बायबलमधल्या अब्राहामाला देवाने सांगितलं देश सोड, घर सोड, हे आपण सगळ्यांनी शिकवलंय संडेस्कूलमध्ये, पण त्याची बायको सारा काय म्हणाली ते तिथं लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं नाही म्हणून ती काही म्हणालीच नाही असं आपण धरून चालतो. आणि हा अब्राहाम पुढे मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये जाऊन तिला बहीण म्हणून सांगतो स्वतःचा जीव वाचवायला! विश्वासाचा बाप असला तरी नवरा म्हणून कच्चाच होता बिचारा.

ती नाही म्हणाली तर? तर कलकत्त्याला फोन करायचा आणि सांगायचं की आत्ता नाही. मंडळीला दुसरा युथ पास्टर मिळेल. आकाश कोसळत नाही.

आता पोरीचं. तुझी सहा वर्षांची आहे ना? माझ्याकडून एक चूक झाली ती तुझ्याकडून होऊ नये. तिथं गेल्यावर आम्ही रोज संध्याकाळी कुटुंबप्रार्थना करायचो, नेमाने, मला त्याचा अभिमान होता. एके दिवशी पोरीने प्रार्थना केली, "देवबाप्पा, आम्हाला परत घरी ने." आणि मी डोळे न उघडताच मध्ये बोललो, "असं नाही म्हणायचं, म्हण की इथं आम्हाला आनंदात ठेव." तिने ते म्हटलं, शाळेत पाढा म्हणतात तसं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती मोठ्याने प्रार्थना करत नव्हती, तिची पाळी आली की नुसतं आमेन. मी पन्नास पोरांना प्रार्थना करायला शिकवत होतो आणि घरातल्या एका पोरीची प्रार्थना खोडरबर घेऊन दुरुस्त केली. तुझी पोरगी रडली, देवावर चिडली, आजीचं नाव घेऊन हट्ट केला तर करू दे. बायबलच्या स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत, ती कुणी खोडली नाहीत.

शाळेचं आत्ताच बघ, पुढे ढकलू नकोस. आपल्याकडे वर्ष जूनमध्ये सुरू होतं, तिकडे बंगाल बोर्डाच्या शाळा जानेवारीत सुरू होतात आणि सीबीएसईचं एप्रिलमध्ये, म्हणजे तू जूनमध्ये गेलास की पोरगी कुठेही गेली तरी मध्येच टपकणार. मंडळीला विचार की एप्रिलच्या सुरुवातीला येऊ का, नाहीतर तू एकटा आधी जा आणि त्या दोघी नंतर येऊ देत. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत काढ. आणि बंगाली अक्षरं तिघांनी आत्तापासून गिरवा, देवनागरी येते त्यामुळे अवघड नाही, पण वरची रेघ बघून फसू नकोस, आपला व त्यांच्याकडे नाहीच जवळपास, ब च सगळीकडे. माझी पोरगी चार महिन्यात फडाफडा बोलायला लागली आणि मासेबाजारात काकूची दुभाषी झाली, तेव्हा कुठं तिला त्या गावात काहीतरी आपलं वाटायला लागलं.

पैशाचं लिहून घे. लाजू नकोस. मानधन किती, घर कुणाचं, घरभाडं कोण देणार, सामान न्यायचा खर्च, आणि वर्षातून एकदा सगळ्यांना गावी यायचं तिकीट. मला एका ठिकाणी तोंडी सांगितलं होतं की घर तयार आहे, आणि घर म्हणजे चर्चच्या मागची एक ओली खोली निघाली, पापडाला आठवड्यात बुरशी. सेवा करणाऱ्याने पैशाचं बोलू नये असं म्हणणारे लोक स्वतः पगारपत्रक मागितल्याशिवाय नोकरी धरत नाहीत, हे लक्षात ठेव.

राहिली इथल्या तुझ्या तरुण संघातली पोरं. त्यांना व्हॉट्सॲपवर कळवू नकोस, समोर बसवून सांग. दोघंतिघं बोलणारच नाहीत तुझ्याशी, एखादा म्हणेल तुम्ही पण सोडून चालला, ते ऐकून घे, लगेच बायबलचं वचन फेकून मारू नकोस. आणि गेल्यावर ग्रुपचं ॲडमिनपद सोड, ग्रुपच सोड. मला पत्रं यायची त्या काळी, नवीन पाळकांची तक्रार करणारी, आणि मी मूर्खासारखी लांबलचक उत्तरं द्यायचो, छान वाटायचं ना कुणालातरी आपण हवे आहोत असं. त्या नवीन माणसाचं काम मी जवळजवळ दोन हजार किलोमीटरवरून अवघड केलं.

आणि तुझ्या स्वतःच्या विश्वासाचं काय, तर पहिले काही महिने कोरडे जातील. जातातच. दुसऱ्या भाषेत प्रार्थना करून जीभ दमते, आपलं म्हणून काही ओठावर येत नाही. काकू तर काहीच म्हणायची नाही, मला वाटायचं तिचा विश्वास गेला. मग एकदा पहाटे उठलो, लाईट गेलेली, ती पितळी डब्यातली शेवटची ज्वारी निवडत बसली होती आणि बारीक आवाजात भजन म्हणत होती, ओळ विसरली की तीच ओळ परत घ्यायची. मी दारातच उभा राहिलो. आत गेलो असतो तर मी नक्की काहीतरी बोललो असतो.

तर आता हे सगळं तिला वाचायला दे, फोन तिच्या हातात दे आणि तू बाहेर चक्कर मारून ये. काकू म्हणतेय ज्वारी दळून नेऊ नका, पीठ कडू होतं, आख्खी न्या, आणि गाडीत सामान जास्त झालं तर तुझी पुस्तकं कमी कर. पण पोतं भरायचं की नाही ते आम्हाला तुझ्याकडून नको कळायला. तिला सांग काकूला फोन कर, दुपारी तीननंतर, तेव्हा मी झोपलेला असतो.

तुझा
काका