वाचकांचे प्रश्न : कालवांचा पिंजरा, गाळ आणि शिंपल्यांचं पोतं

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नाहीशी होत चाललेली कालवं (ऑयस्टर, म्हणजे एका जागी चिकटून राहणारे शिंपल्यातले जीव) पुन्हा वसवण्यासाठी गावोगावचे स्वयंसेवक राबतात. त्यांपैकी काही आपले वाचक आहेत. या वेळी त्यांचे प्रश्न घेतले आहेत, शिवाय एक मालवणहून आलेला.

प्रश्न : आम्ही मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या एका नदीच्या काठी राहतो. 'मेरीलँडर्स ग्रो ऑयस्टर्स' या, घरच्या धक्क्यावर कालवं वाढवण्याच्या उपक्रमातून सप्टेंबरात कालवांच्या पिल्लांचे चार पिंजरे मिळाले, ते धक्क्याला टांगले. मार्चमध्ये एक वर ओढला, तर जवळजवळ अर्धी कालवं आ वासून मेलेली. काय चुकलं असेल?

उत्तर : मेलेली कालवं पिंजऱ्यात कुठे आहेत ते आधी बघा. खालच्या थरात असतील, शिंपल्या काळ्या पडल्या असतील आणि कुजक्या अंड्यांचा वास येत असेल, तर पिंजरा तळाला टेकला होता. कालवाला जागचं हलता येत नाही. कडेवर रेंदा साचला की तोंड उघडता येत नाही आणि ते गुदमरतं. बहुतेकदा दोर लांब पडलेला असतो, किंवा गाठ सरकलेली असते.

मेलेली कालवं वरच्या थरात असतील आणि शिंपल्या स्वच्छ असतील, तर ती थंडीने गेली. चेसापीकमध्ये हिवाळ्यात वायव्येचा वारा दोन-तीन दिवस लागला की पाणी उपसागराबाहेर ढकललं जातं आणि नेहमीच्या ओहोटीपेक्षा बरंच खाली उतरतं. पिंजरा उघडा पडला की आतलं कालव गोठतं. म्हणून दोर अशा बेताने बांधा, की अगदी कमी पाण्यातही पिंजरा पूर्ण बुडालेला राहील आणि तळापासून फूटभर तरी वर असेल. पाणीच उथळ असेल तर दोन्ही जमणार नाही. मग हिवाळ्यापुरता पिंजरा धक्क्याच्या टोकाला, खोल पाण्यात न्या.

पाणी उबदार असेपर्यंत दर पंधरा दिवसांनी पिंजरा पाण्यातच वरखाली जोरात हिसडा. नळीने धुतलात तरी चालेल, प्रेशर वॉशर मात्र नको; नव्या वाढीची कड कागदासारखी पातळ असते. शेवाळ फार माजलं तर दोनेक तास सावलीत वाऱ्यावर ठेवा. कडाक्याच्या थंडीत हात लावू नका. तेव्हा कालव तोंड मिटून पडलेलं असतं, पाणी गाळून खाणं बंद असतं.

थोडी मर होणारच. एकाच शिंपीवर अनेक पिल्लं चिकटलेली असतात, ती वाढता वाढता एकमेकांना दाबतात. रिकाम्या शिंपल्या फेकू नका. उन्हाळ्याच्या तोंडाला पिंजरे परत जातील तेव्हा त्याही राखीव रीफवर, म्हणजे कालवं काढायला बंदी असलेल्या तळावरच्या कालवांच्या ढिगावर, जाऊ द्या.

प्रश्न : पार्टीत उरलेल्या शिंपल्या थेट खाडीत टाकल्या तर?

उत्तर : टाकू नका. शिंपीला चिकटलेल्या मांसातून डर्मोसारखा रोग दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो, आणि ती कालवं कुठल्या किनाऱ्याची होती ते आपल्याला ठाऊक नसतं. लिंबाच्या फोडी, काटेचमचे, कागद वेगळे काढा आणि शिंपल्या 'ऑयस्टर रिकव्हरी पार्टनरशिप' या संस्थेच्या संकलन केंद्रावर द्या. तिथून त्या उघड्यावर रचतात आणि साधारण वर्षभर ऊन-पाऊस खाऊ देतात. मग धुऊन केंब्रिज गावच्या हॉर्न पॉइंट हॅचरीत, म्हणजे कालवांची पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रात, टाक्यांमध्ये भरतात. कालवाची अळी दोन-तीन आठवडे पोहते, मग तिला एक पाय फुटतो आणि ती टणक जागा शोधते. तिच्या दृष्टीने सगळ्यात चांगली जागा म्हणजे कालवाचीच जुनी शिंपी. तीवर चिखलाचा पातळ थर असला तरी ती नाकारते.

प्रश्न : धक्क्यावर वाढवलेली खाल्ली तर चालतील?

उत्तर : नाही. ती रीफसाठी दिलेली आहेत. शिवाय धक्क्याजवळचं पाणी खाण्याच्या कालवांसाठी तपासलेलं नसतं आणि उन्हाळ्यात पाण्यातला व्हिब्रिओ हा जिवाणू जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : साउथ कॅरोलिनात आम्ही नुसत्या शिंपल्यांची जाळीदार पोती किनाऱ्यावर रचतो. मेरीलँडसारखं बी (शिंपीवर बसलेली पिल्लं) का देत नाहीत?

उत्तर : कारण तिथे बी आहे, जागा नाही. चार्ल्सटनच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पाण्यात अळ्या भरपूर असतात, पण खाली सगळा चिखल. मेरीलँडच्या गोडसर पाण्यात प्रजनन कमी, त्यामुळे शिंपी आणि बी दोन्ही द्यावी लागतात. पोती वसंतातच, अळ्या येण्याआधी लावून घ्या. फार आधी ठेवली तर त्यांच्यावर गाळ आणि शेवाळ आधी बसतं. पोती एकमेकांना खेटून आडवी ठेवा. चालताना पाय घोट्याच्या वर रुतत असेल तर ती जागा सोडा. तिथे पोतंही रुतेल. बोटींच्या लाटा थेट आदळतात ती कडही टाळा. फ्लोरिडाच्या मॉस्किटो लगूनमध्ये लाटांनी सुट्या शिंपल्या ढकलून त्यांचे पाण्यावर डोकावणारे मेलेले ढीग झाले होते. तिथे मग शिंपल्या जाळीच्या चटईला बांधून, चटईला वजन लावून पसरल्या. प्लास्टिकच्या जाळीचे कालांतराने तुकडे होतात, तेव्हा दुसरा पर्याय मिळत असेल तर तो घ्या.

प्रश्न : मालवणच्या खाडीत असं काही करता येईल?

उत्तर : बी कमी आहे की जागा, ते आधी ठरवा. ओहोटीला कोयती घेऊन कालवं काढणाऱ्या बायकांना विचारा, नखाएवढी नवी कालवं कुठे आणि कधी दिसतात. मग दहा-बारा जुन्या शिंपल्यांना भोकं पाडून, मध्ये पाइपचे तुकडे घालून माळ करा. अशा तीन माळा तीन वेगवेगळ्या उंचींवर बांधा. दर महिन्याला त्या काढून शिंपल्यांवर बसलेली पिल्लं भिंगाने मोजा, आणि नव्या माळा बांधा. पावसाळ्यात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, वर गाळ; मुखाजवळ आणि आत वेगवेगळं चित्र दिसेल. वर्षभर मोजूनही शिंपल्यांवर काहीच बसलं नाही, तर टनभर शिंपल्या ओतून उपयोग नाही. भरपूर बसलं, तर काम सोपं आहे, मात्र शिंपल्या लागतील, आणि त्या आपल्याकडे पूर्वापार चुन्याच्या भट्टीत जात आल्या आहेत. किनाऱ्यावर काहीही रचण्याआधी सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी घ्या. कांदळवन असेल तर कांदळवन कक्षालाही विचारावं लागेल. चाचणीच्या माळा लावण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयाला कळवा, आणि जिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागते तिथे त्या बांधू नका.