ईसीएचएसचं गाऱ्हाणं खासदारांकडे नेताना

जय हिंद. तुम्ही विचारलंय की ईसीएचएस (माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना) च्या पॅनेलवरचं रुग्णालय कार्ड बघूनही आधी डिपॉझिट मागतं आणि मेळाव्यात खासदार ‘लेखी द्या, संसदेत मांडतो’ म्हणाले; तर लिहायचं काय?

आधी खासदार आपलेच आहेत ना, ते बघा. ऐरोली, बेलापूर ठाणे लोकसभेत येतात. खारघर-कामोठेवाले मावळचे, कळवा-मुंब्रा कल्याणचे. आमदारांकडे हे नेऊ नका, योजना संरक्षण मंत्रालयाची आहे.

एक पान, एक मागणी. बारा मागण्यांचं निवेदन पीएच्या फायलीतच राहतं. सोबत तक्ता जोडा: तारीख, रुग्णालय, रेफरल (ईसीएचएस पॉलिक्लिनिकने रुग्णालयात पाठवल्याची चिठ्ठी) क्रमांक, मागितलेली रक्कम, पावती आहे की नाही. रेफरल न घेता थेट गेलेल्यांची नावं त्यात नकोत. इमर्जन्सीसारखे अपवाद सोडले तर पॉलिक्लिनिकचं रेफरल लागतं, आणि अशी एक केस सापडली की सगळा तक्ता झटकायला निमित्त मिळतं.

‘आवाज उठवा’ असं मोघम लिहू नका, अतारांकित (सभागृहात तोंडी नव्हे, लेखी उत्तराचा) प्रश्न मागा. त्याचं उत्तर लेखी येतं, आकडे देऊन येतं. सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख लागली की लगेच भेटा. प्रश्न 150 शब्दांत बसवून तुम्हीच लिहून न्या: ठाणे आणि नवी मुंबईतल्या पॅनेलवरच्या रुग्णालयांची किती बिलं, किती रकमेची, किती महिन्यांपासून सरकारकडे थकली? थकबाकीपोटी कॅशलेस कुणी थांबवलं? डिपॉझिटचं मूळ बहुतेक वेळा या थकलेल्या बिलांतच असतं. शून्य प्रहरातल्या भाषणाचा व्हिडिओ ग्रुपवर छान फिरतो, पण मंत्र्यांवर उत्तराची सक्ती नसते. त्यापेक्षा लोकसभेच्या नियम 377 खाली विषय मांडणं बरं, मंत्रालयाचं लेखी उत्तर नंतर खासदारांकडे येतं.

उत्तरात ‘बाब विचाराधीन आहे’ आलं तर हिरमुसू नका. ते आश्वासन धरलं जातं, ते 3 महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यावर लोकसभेची आश्वासन समिती लक्ष ठेवते. तेवढं वाक्य अधोरेखित करून खासदारांना पुन्हा द्या.

कुटुंबाच्या ईसीएचएस कार्डांसाठी मात्र खासदारांना वेठीला धरू नका. पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) ‘सुनीता’ आणि आधारवर ‘सुनिता’, असल्या दुरुस्त्या सैन्याचं रेकॉर्ड ऑफिसच करतं. अर्जाला मदत ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. न कमावणाऱ्या अविवाहित मुलाला 25 वर्षांपर्यंतच कार्ड चालतं. अवलंबून असलेल्या अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला वयाची अट नाही, हे काउंटरवर ठामपणे सांगा.