जुलाब थांबले, धास्ती थांबेना

'माझी मुलगी दीड वर्षाची. तीन महिन्यांपूर्वी तिला उलट्या-जुलाब झाले, ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी चार तासांत दोनदा फिट आली. रक्तातली साखर, क्षार, मेंदूचा आलेख, सगळं व्यवस्थित निघालं. डॉक्टर म्हणाले, औषध नको. पण मी रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून जागी असते. सासूबाई म्हणतात, पाणी वेळेवर पाजलं असतंस तर असं झालं नसतं. नवरा म्हणतो, कुणाला सांगू नकोस. ही मिरगीची सुरुवात तर नसेल?' — एक घाबरलेली आई

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी सासूबाईंच्या बोलण्याचं बघू, कारण तेच तुला जास्त पोखरतंय असं वाटतं. तुझ्या लेकीला आली तशी फिट मुळी त्याच मुलांना येते, ज्यांच्या अंगातलं पाणी फारसं कमी झालेलं नसतं. क्षार आणि साखरही ठीक असते. कधी कधी तर जुलाब सुरू व्हायच्या आधीच फिट येते. मग पाणी पाजण्यात तू कुठे कमी पडलीस? कुठेही नाही. हे त्यांना शांतपणे सांग. तू नाही सांगू शकलीस तर तुझ्या नवऱ्याने सांगावं.

साध्या जुलाबांत ताप नसताना येणाऱ्या अशा फिटची जपानमधल्या डॉक्टरांनी 1982 साली पहिल्यांदा नोंद केली. साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांत हे दिसतं, बहुतेक वेळा रोटाव्हायरस किंवा नोरोव्हायरसच्या जुलाबांत. काही तासांत लागोपाठ फिट येणं हे याचं नेहमीचंच रूप आहे. दोनदा आली म्हणजे दुखणं दुप्पट गंभीर, असं नाही. ही मिरगी नव्हे. अशी मुलं पुढे इतरांसारखीच वाढतात, रोजचं औषध लागत नाही. डॉक्टरांनी औषध दिलं नाही, यात हयगय नाही.

तरी पुन्हा कधी फिट आलीच, तर तिला कुशीवर वळव, तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालू नकोस, घट्ट धरून ठेवू नकोस, घड्याळ बघ. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. साखर उतरणं किंवा मेंदूज्वर नाही ना, हे दर वेळी नव्याने बघावं लागतं. ताप, सुस्ती किंवा फिटनंतर बराच वेळ भानावर न येणं दिसलं तर अजिबात थांबू नकोस.

लपवण्याबद्दल मला तुझ्या नवऱ्याचं पटत नाही. गावभर सांगायची गरज नाही, पण जी व्यक्ती तिला सांभाळते तिला हे सगळं ठाऊक हवंच.

आणि आज रात्री लेकीला त्याच्याजवळ झोपव. तू दुसऱ्या खोलीत जा, दार लोटून घे. तीन महिने झोपली नाहीस, बाई.