मुंजाजी म्हणजे भुताचं नाव?

ताई, बाळाला पणजोबांचं मुंजाजी हे नाव ठेवायचं म्हटलं की सासरी "भुताचं नाव कशाला" म्हणून नाक मुरडतात, असं तुम्ही लिहिलंय. माझे आजोबा मुंजाजीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शब्दाचं मूळ गवतात आहे. मुंज हे नदीकाठी वाढणारं, उसाच्या जातकुळीतलं उंच गवत. उपनयनात बटूच्या कमरेला त्याची तिपेडी मेखला बांधत, ती मौंजी. मनुस्मृतीत ही मुंजाची मेखला ब्राह्मणाच्या पोराला सांगितली आहे, वैश्याला तागाची. मौंजीवरून विधीचं नाव मुंज पडलं आणि मुंज झालेला पोरगा मुंजा. सोडमुंजेआधीच तो गेला तर पिंपळावर राहतो, अशी समजूत. सासरच्यांना तेवढंच ठाऊक असणार, आणि हल्लीच्या सिनेमांनी त्यात भरच घातली.

आमच्या परभणीकडे मात्र मुंजा भिववतो कमी, राखण जास्त करतो. पिंपळाच्या पारावर शेंदूर फासलेला वीतभर दगड, पुढे फोडलेल्या नारळाच्या करवंट्या, बस्स. जिथे सात पिढ्यांत कुणाची मुंज लागली नाही त्या घरातलीही माणसं तिथे नवस बोलतात. आजोबांच्या आधीची दोन लेकरं दगावली होती. पणजीनं पारावर पदर पसरला, "हे जगलं तर तुझंच नाव ठेवीन." पोर जगलं. जावळ तिथेच काढलं आणि शेंदराचं बोट लावून करदोडाही तिथेच बांधला. मेखला नाही तर नाही, कमरेला दोरा आलाच की! धोंडिबा, दगडू, केरबा ही नावंही लेकरू जगावं म्हणूनच ठेवायचे, पण ती दृष्ट चुकवायला. मुंजाजी हे सरळ देवाचं देणं फेडणं. त्यातला 'जी' मानाचा. भुताला कोण जी लावतं?

कुणी माळव्याच्या वाक्पती मुंज राजाशी हे नाव जोडलं तर सोडून द्या. तो दहाव्या शतकात चालुक्य तैलपाशी लढायला गोदावरी उतरून आला आणि कैदेत मारला गेला, अशी कथा आहे. आपल्याच मुलखात हरलेल्याचं नाव कोण नवसानं ठेवील?

शाळेत पोरं चिडवतील, हे मात्र खरं. आजोबांना गावात सगळे मुंजाभाऊच म्हणत. तुम्ही पाळण्यात मुंजाजी ठेवा आणि दाखल्यावर दुसरं घाला. आमच्या चुलतभावानं पोराचं तसंच केलंय. आजी त्याला अजून मुंजाच म्हणते आणि तो ओ देतो.